तापात रक्तातले लोह जाते कुठे?

घरात कुणाला आठ-दहा दिवस ताप राहिला की रक्त तपासले जाते. रिपोर्टमध्ये लोह कमी दिसले की अम्मी किंवा खाला म्हणतात, "रक्तवाढीचे टॉनिक आणा, ताकद येईल." त्यांची काळजी खरी असते, पण त्यासाठी ही वेळ योग्य असेलच असे नाही.

लोह आपल्याला लागते, तसे बहुतेक रोगजंतूंनाही लागते. त्यावाचून त्यांची संख्या वाढत नाही. म्हणून शरीर लोह मोकळे फिरू देत नाही. रक्तात ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन ते धरून ठेवते. आईच्या दुधात आणि अश्रूंत लॅक्टोफेरिन हेच काम करते. संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक जास्त सोडते. मग अन्नातले लोह रक्तात कमी येते आणि साठ्यातले साठ्यातच राहते. रिपोर्टमधला आकडा उतरतो, तो कधी कधी यामुळे. शरीर जंतूंना उपाशी ठेवत असते.

हा बंदोबस्त ढिला पडला तर काय होते? 2009 मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे प्लेगच्या जंतूंवर काम करणारा एक संशोधक दगावला. ते जंतू प्रयोगासाठी मुद्दाम कमजोर केलेले होते. त्यांना लोह नीट मिळवता येत नव्हते. मृत्यूनंतर कळले की त्याला शरीरात लोह साचण्याचा आनुवंशिक आजार होता. जंतूंची उणीव त्या लोहानेच भरून काढली असावी, असे तज्ज्ञांना वाटते.

1978 मध्ये सोमाली भटक्या लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोह कमी असलेल्या काहींना लोह दिले, काहींना नुसती दिखाऊ गोळी. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत संसर्गाच्या 7 घटना झाल्या, लोह घेणाऱ्यांत 36.

म्हणून लोहाची गोळी वाईट, असा अर्थ कुणी काढू नये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाने थकवा येतो आणि बाळंतपणात धोका वाढतो. गरोदरपणात दिलेल्या गोळ्या मनाने बंद करू नयेत.

एवढे मात्र पाळावे. ताप किंवा मोठा संसर्ग असताना लोहाचे टॉनिक स्वतःहून सुरू करू नये. आधीपासून गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना तसे सांगावे. शिरेतून लोह देण्याचे ठरले असेल तर अंगात ताप असल्याचे लपवू नये. संसर्ग जोरात असताना डॉक्टर ते सहसा पुढे ढकलतात. थॅलेसेमियाच्या मुलांना वारंवार रक्त द्यावे लागते, त्यामुळे त्यांच्या अंगात लोह साचते. अशा मुलाला ताप आला तर घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

ताप उतरल्यावर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त पुन्हा तपासून घ्यावे. खरी कमतरता असेल तर ती तेव्हा नीट कळते आणि गोळीही तेव्हाच जास्त लागू पडते.