टोपीवरचे पीस आणि गृहिणींचे मंडळ

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला, बिस्केन उपसागराच्या काठी, कोकोनट ग्रोव्ह नावाची वस्ती आहे. आज ती मायामी शहराचा एक भाग मानली जाते. परंतु १८९१ साली मायामी शहरच अस्तित्वात नव्हते. रेल्वे तेथे पोहोचली १८९६ मध्ये. तोपर्यंत किराणा, कापड, औषधे असे सारे काही की वेस्ट बेटावरून शिडाच्या गलबतातून येत असे, आणि उत्तरेकडचे टपाल समुद्रकाठच्या वाळूतून अनवाणी चालत येणारा टपालवाला आणत असे. पाइनचे रान, डासांचे थवे, विखुरलेली घरे आणि पीकॉक दांपत्याने उघडलेले एक लहानसे विश्रामगृह, एवढाच काय तो त्या गावाचा पसारा होता.

अशा ठिकाणी घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला येणारा एकटेपणा आपल्या आजी-पणजींना चांगला कळला असता. दुकानाच्या निमित्ताने मारवाड-गुजरात सोडून कोकणातल्या किंवा खानदेशातल्या एखाद्या बाजारगावी आलेल्या, जवळपास आपल्या भाषेचे दुसरे घर नसलेल्या कितीतरी स्त्रियांनी तो अनुभवला आहे. कोकोनट ग्रोव्हमध्ये त्यावर उपाय शोधला तो फ्लोरा मॅक्फार्लेन या अविवाहित शिक्षिकेने. सरकारी नियमाप्रमाणे वहिवाटीच्या अटीवर मिळणारी १६० एकर जमीन स्वतःच्या नावावर घेणारी ती त्या परिसरातील पहिली स्त्री होती, आणि गावच्या शाळेची पहिली शिक्षिकाही. १९ फेब्रुवारी १८९१ रोजी तिने शेजारणींना एकत्र बोलावून 'हाऊसकीपर्स क्लब' म्हणजे गृहिणींचे मंडळ स्थापन केले. उद्देश साधा होता. आठवड्यातून दोन तास घरकाम बाजूला ठेवून एकमेकींच्या सहवासात बसावे, काही वाचावे, काही शिकावे. हात मात्र रिकामे नसत. शिवणकाम चाले, शिवलेल्या वस्तूंची विक्री होई आणि आलेला पैसा गावाच्या कामी लागे.

पुरुषमंडळींनी या बैठकांकडे प्रारंभी कौतुकाने की थट्टेने पाहिले असेल, याची कल्पना कोणत्याही महिला मंडळाच्या सभासद भगिनी करू शकतील. परंतु गावाच्या अनेक सार्वजनिक सोयी याच परिघातील स्त्रियांच्या खटपटीतून उभ्या राहिल्या. इझाबेला पीकॉक यांनी निधी जमवून १८८७ मध्ये बांधवलेल्या रविवारच्या धर्मशाळेतच पुढे गावची सार्वजनिक शाळा भरू लागली. गावचे ग्रंथालय निघाले ते मुलींच्या एका मंडळामुळे, आणि ते मुलींचे मंडळ मेरी बार मन्रो यांनी १८९५ मध्ये सुरू केले होते.

या मेरीबाईंविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण गृहिणींच्या मंडळाची वाट शिवणकामाकडून एका मोठ्या व्यापाराच्या विरोधाकडे वळली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. त्यांची आई अमेलिया बार त्या काळच्या लोकप्रिय कादंबरीकार. पती कर्क मन्रो मुलांसाठी साहसकथा लिहीत. मेरीबाईंचा स्वभाव तापट होता आणि पक्ष्यांचा विषय निघाला की त्या कोणाचीही भीड ठेवीत नसत.

त्या काळी न्यूयॉर्क, लंडन, पॅरिस येथील स्त्रियांच्या टोप्यांवर पक्ष्यांची पिसे, पंख, कधी कधी पेंढा भरलेला अख्खा पक्षी लावण्याची पद्धत होती. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन या पक्षिवेड्या तरुणाने न्यूयॉर्कच्या बाजारपेठेत दोनदा फेरफटका मारून टोप्या मोजल्या. सातशेपैकी पाचशेहून अधिक टोप्यांवर पिसे होती आणि त्यांत चाळीस जातींचे पक्षी त्याने ओळखले. सर्वांत मोल होते ते पांढऱ्या बगळ्यांच्या पाठीवरील तलम, झालरीसारख्या पिसांना. १९०३ च्या सुमारास शिकाऱ्याला या पिसांचे औंसामागे ३२ डॉलर मिळत. सोन्याचा सरकारी भाव त्या वेळी औंसाला २० डॉलर ६७ सेंट होता. व्यापारी घरातील वाचकांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही. ज्या मालाला सोन्याच्या दीडपट भाव आहे आणि जो दलदलीत फुकट बसलेला आहे, त्याच्यामागे माणसे कशी धावली असतील, हे उघड आहे.

या व्यवहारातील क्रूर भाग असा की ही पिसे बगळ्याला फक्त विणीच्या हंगामात येतात. म्हणून शिकारी घरट्यांच्या वसाहतीवरच जात. पिलांना सोडून पक्षी दूर जात नाहीत, त्यामुळे एका दिवसात अख्खी वसाहत मारता येई. पाठीवरची कातडी सोलून घेतली की उरलेला देह तेथेच टाकला जाई आणि वर घरट्यांत पिले उपाशी मरत. आपल्या आगमांनी श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्य आहे, म्हणजे प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे सापडणे कठीण. टोपी घालणाऱ्या स्त्रीने बंदूक उचललेली नव्हती, हे खरे. पण करणे, करविणे आणि अनुमोदन देणे यांतला संबंध आपल्याकडे लहान मुलालाही शिकवला जातो.

मेरीबाईंना ही परिभाषा ठाऊक असण्याचे कारण नव्हते. मात्र त्या नेमक्या याच टोकाला जाऊन भिडल्या. मायामीत हिवाळा घालवायला येणाऱ्या श्रीमंत स्त्रियांच्या टोपीवर बगळ्याचे पीस दिसले की त्या तिला अडवीत आणि ते पीस कोठून आले याची हकिगत तेथल्या तेथे ऐकवीत. काही जणींच्या डोळ्यांत पाणी येई आणि पीस टोपीवरून उतरे, असे सांगतात. ही रीत सर्वांना मानवेल असे नाही. बोस्टनमधील हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल या नात्यातल्या दोघींनी १८९६ मध्ये अधिक सौम्य मार्ग घेतला होता. त्यांनी शहरातील प्रतिष्ठित घराण्यांची यादी घेऊन बायकांना चहाला बोलावले आणि पिसे न वापरण्याचा शब्द मिळवला. सुमारे नऊशे जणी त्यांच्याबरोबर आल्या. मागणीच घटवायची, हे मात्र दोन्हीकडे समान होते.

पुरवठ्याच्या बाजूने काम करणे जिवावरचे होते. फ्लोरिडात १९०१ मध्ये पक्षिरक्षणाचा कायदा झाला; पण तो पाळायला लावणार कोण? गाय ब्रॅडली या तरुणाची रक्षक म्हणून नेमणूक झाली ती कर्क मन्रो यांच्या शिफारशीवरून. ब्रॅडलीने लहानपणी स्वतः पिसांसाठी शिकार केली होती, त्यामुळे त्याला साऱ्या वाटा ठाऊक होत्या. पगार महिना ३५ डॉलर, म्हणजे औंसभर पिसांच्या किमतीहून जेमतेम अधिक. ८ जुलै १९०५ रोजी फ्लेमिंगो गावाजवळ शिकाऱ्यांना अटक करायला गेलेला ब्रॅडली गोळी लागून मरण पावला. गोळी झाडणाऱ्याने स्वसंरक्षणाचा दावा केला आणि त्याच्यावर खटलादेखील उभा राहिला नाही.

पुढे न्यूयॉर्क राज्याने १९१० मध्ये या पिसांच्या विक्रीवर बंदी घातली आणि १९१३ मध्ये अमेरिकेत त्यांची आयात थांबली. हिंदुस्थानातून पक्ष्यांची कातडी व पिसे बाहेर पाठविण्यास सरकारने १९०२ मध्येच मनाई केली होती. आपल्या तळ्याकाठचे बगळेही याच बाजारपेठेच्या नजरेत होते.

कोकोनट ग्रोव्हच्या स्त्रिया कायद्यावर थांबल्या नाहीत. गावाच्या नैर्ऋत्येस एव्हरग्लेड्सच्या पाणथळीत पॅरडाइज की नावाचे उंच राजताडांचे एक बेट होते. ते वाचवावे, असा आग्रह मेरी मन्रो आणि त्यांच्या मैत्रीण एडिथ गिफर्ड यांनी फ्लोरिडाच्या महिला मंडळांच्या महासंघात धरला. महासंघाच्या अध्यक्षा मे मान जेनिंग्ज यांनी तो पुढे नेला. १९१५ मध्ये विधिमंडळाने ९६० एकर जमीन दिली, पण देखभालीसाठी पैसा दिला नाही. रेल्वेसम्राट फ्लॅगलर यांच्या विधवा पत्नीने आणखी ९६० एकर दिले. बाकीचा खर्च मंडळांनी गावोगावी निधी जमवून भागवला. २३ नोव्हेंबर १९१६ रोजी 'रॉयल पाम स्टेट पार्क'चे लोकार्पण झाले. ज्यांना मतदानाचा हक्क १९२० पर्यंत मिळाला नाही, त्या स्त्रियांच्या संस्थेच्या ताब्यात एक संपूर्ण उद्यान होते, ही गोष्ट मला साऱ्या हकिगतीत सर्वांत विलक्षण वाटते.

या चित्राला दुसरी बाजूही आहे. जेनिंग्जबाईंचे पती माजी गव्हर्नर होते आणि एव्हरग्लेड्सचे पाणी उपसून तेथे शेतजमीन काढण्याच्या योजनेचे ते मोठे पुरस्कर्ते. एकाच घरात पत्नी पाणथळ राखत होती आणि पती ती कोरडी करू पाहत होता! शिवाय ज्यांच्या श्रमावर कोकोनट ग्रोव्ह उभे राहिले, त्या बहामा बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांतील स्त्रियांना या मंडळात जागा नव्हती. पक्ष्याच्या पिलासाठी कळवळणाऱ्या मनांना शेजारच्या गल्लीतील ही भिंत दिसली नाही. आपल्या संस्थांचा इतिहास लिहिताना अशा गोष्टी आपणही बहुधा गाळतो.

मेरीबाई १९२२ मध्ये निवर्तल्या. महासंघाच्या ताब्यातील जमीन तोपर्यंत ४,००० एकरांवर गेली होती. १९४७ मध्ये एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, तेव्हा हीच भूमी त्याचे मूळ केंद्र ठरली. ६ डिसेंबर रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी त्याचे लोकार्पण केले. गृहिणींच्या मंडळाचे नाव पुढे 'वुमन्स क्लब ऑफ कोकोनट ग्रोव्ह' झाले. राल्फ मन्रो (कर्क यांचे मित्र, नातलग नव्हेत) यांनी दिलेल्या जागेवर १९२१ मध्ये बांधलेली त्यांची चुनखडी दगडाची वास्तू उपसागराकाठच्या रस्त्यावर आहे.

मुले किंवा नातवंडे फ्लोरिडात स्थायिक झालेली कितीतरी कुटुंबे आता आपल्यात आहेत. तिकडे जाणे झाले तर डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. तेव्हा डास कमी असतात आणि पाणी आटल्यामुळे पक्षी एका जागी जमतात. होमस्टेड गावाकडील मुख्य प्रवेशद्वारातून चार मैल आत रॉयल पाम लागते. तेथून निघणारी 'अन्हिंगा' नावाची पायवाट मैलभराहूनही कमी लांबीची आहे, त्यामुळे वयस्करांनाही जमते. बगळे तेथे अगदी जवळून दिसतात.