सहा विरुद्ध सहा

ज्यूरीचे बारा सदस्य आणि मतं सहा-सहा. एचबीओच्या 'द नाइट ऑफ' या मालिकेतला खुनाचा खटला इथे येऊन अडकतो. २८ ऑगस्ट २०१६ रोजी दाखवलेल्या तिच्या आठव्या, शेवटच्या भागात आरोपी सुटतो खरा, पण निर्दोष ठरत नाही. आपल्या वर्तमानपत्रांत 'संशयाचा फायदा देऊन मुक्तता' असं वाचायला मिळतं. नासिर खानच्या वाट्याला तेवढंही येत नाही.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये राहणारा, पाकिस्तानी वंशाचा हा कॉलेजातला मुलगा एका रात्री वडिलांची टॅक्सी न विचारता घेऊन निघतो. अँड्रिया नावाची तरुणी टॅक्सीत बसते. ती रात्र नासिर तिच्या घरी घालवतो आणि जागा होतो तेव्हा ती भोसकलेल्या अवस्थेत मेलेली असते. अंगावर काटा येतो तो यापुढे: त्याला काहीच आठवत नाही. शेवटच्या भागात सरकारी वकील हेलन वाइस त्याला थेट विचारते, तू तिला मारलंस का? साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून तो म्हणतो, मला माहीत नाही. रिझ अहमदने हे उत्तर ज्या थकव्याने दिलं आहे, तो पाहिला की २०१७ चा एमी पुरस्कार त्याला का मिळाला ते कळतं.

नासिरचा वकील जॉन स्टोन म्हणजे पोलीस ठाण्यांच्या दारात किरकोळ अशिलं शोधणारा माणूस. त्याला जुनाट इसब आहे, आणि नेमका अंतिम युक्तिवादाच्या वेळी तो चेहराभर उमटतो. जॉन टर्टुरोने साकारलेला हा स्टोन तसाच, हातमोजे घालून, ज्यूरीसमोर उभा राहतो. खरा खुनी हाच, असं तो कुणाकडे बोट दाखवून सांगत नाही. तुमच्या मनात शंका असेल तर या मुलाला दोषी ठरवू नका, एवढंच त्याचं मागणं. 'पेरी मेसन'सारख्या जुन्या मालिकांत खुनी भर कोर्टात कबुली देऊन मोकळा व्हायचा. इथे तसं काही घडत नाही, आणि खऱ्या कोर्टाच्या जवळ जाणारा शेवट हाच आहे.

न्यूयॉर्कमध्ये दोषी किंवा निर्दोष ठरवायला बाराही जणांचं एकमत लागतं. ते झालं नाही, तर सरकार नव्याने खटला चालवू शकतं. दरम्यान तपास अधिकारी बॉक्सला अँड्रियाच्या आर्थिक सल्लागाराविरुद्ध धागे सापडलेले असतात. वाइसला ते ठाऊक असतं, तरीही ती नासिरविरुद्धचा युक्तिवाद पूर्ण करते. फेरखटला नको, हे ती मतं फुटल्यावर सांगते. मालिकेतली सगळ्यात अस्वस्थ करणारी व्यक्ती मला तीच वाटते.

तोवर व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. रायकर्स आयलंडच्या तुरुंगात कच्चा कैदी म्हणून राहताना नासिरला हेरॉइनची सवय लागते. वडिलांची भागीदारीतली टॅक्सी पुरावा म्हणून जप्त झालेली असते. घर चालवायला ते खाद्यपदार्थ पोचवण्याचं काम धरतात. आईच्या मनात तर मुलाबद्दलच शंका येऊन गेलेली असते. सुटून घरी आलेल्या मुलाला ते कळलेलं असतं.

ही मालिका मुळात बीबीसीच्या २००८ मधल्या 'क्रिमिनल जस्टिस'वर बेतलेली. त्याच मुळावरून २०१९ मध्ये हॉटस्टारवर विक्रांत मॅसी आणि पंकज त्रिपाठी यांची हिंदी 'क्रिमिनल जस्टिस' आली. ती मुंबईत घडते, त्यामुळे सहा-सहाचा हा पेच तिच्यात येणं शक्यच नव्हतं. याच मुंबईत १९५९ साली ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी, खुनाचा आरोप असलेले नौदल अधिकारी नानावटी यांना निर्दोष ठरवलं होतं, पण पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. आपल्याकडे खुनाच्या खटल्यात दोषी कोण, हे न्यायाधीशच ठरवतात.

हिंदी मालिका पाहिलेल्यांनी 'द नाइट ऑफ'ही पाहावी, आणि खुनी कोण हे शोधायला थेट शेवटच्या भागावर उडी मारू नये. आधीचे सात भाग पाहिले तरच आठव्यातली ती सुटका किती महागात पडली, हे कळेल.