फ्रेम घरची, चित्र कुणाचं?

जुन्या लॅपटॉपचा स्क्रीन भंगारात देताय? थांबा! त्याला मॅच होणारा कंट्रोलर बोर्ड लावा, एचडीएमआय केबलने रास्पबेरी पाय जोडा, बाहेरून लाकडी चौकट बसवा. झाली डिजिटल फ्रेम! २०२२ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ‘स्टेबल डिफ्यूजन’ने पीसीवर चित्रं बनवायची आणि वाय-फायवरून फ्रेमला धाडायची. रोज नवं चित्र, भारीच ना?

पण ‘वारली स्टाइल’ टाइप करण्याआधी जरा विचार करा. हे एआय इंटरनेटवरच्या कोट्यवधी चित्रांवरून शिकलंय, तेही चित्रकारांना न विचारता. वारली जगभर पोहोचवणाऱ्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. फ्रेममधल्या चित्राखाली मात्र कुणाचंच नाव नसतं. म्हणून आठवड्यातून एक दिवस खऱ्या चित्रकाराला द्या. त्याचं चित्र लावा, परवानगी घेऊन आणि नावासकट!