थंडीतील सणांचा बाजार आणि एका अमावास्येचा हिशेब

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत आपल्या कारागिरांचा व छोट्या व्यापाऱ्यांचा बराचसा रोजगार शेजाऱ्यांच्या सणांवर चालतो. मणियारांच्या बांगड्या संक्रांतीला भरल्या जातात, बागवानांची भाजी भोगीला संपते, अत्तारांकडून हळदीकुंकू जाते, नालबंदांना माळेगावच्या जत्रेत काम मिळते. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे हे दोन-अडीच महिने अनेकांची वर्षाची घडी बसवतात. असे असूनही माल भरताना आपले बहुतेक दुकानदार फक्त मागच्या वर्षाचा अंदाज लावतात, असे आमच्या पाहण्यात आले आहे. हा अंदाज कसा फसतो, ते एका उदाहरणाने सांगतो.

संक्रांतीचे हळदीकुंकू संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालते. संक्रांत सूर्यावर ठरते, ती १४ किंवा १५ जानेवारी सोडत नाही. रथसप्तमी मात्र चंद्रावर ठरते, माघ शुद्ध सप्तमी. म्हणजे हंगामाची सुरुवात पक्की आणि शेवट सरकता. २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला होती आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीला. दोन्ही दिवस धरून ३३ दिवसांचा हंगाम मिळाला. २०२५ मध्ये तो १४ जानेवारी ते ४ फेब्रुवारी असा २२ दिवसांवर आला. २०२६ मध्ये १४ जानेवारीला संक्रांत आणि २५ जानेवारीला रथसप्तमी, म्हणजे अवघे १२ दिवस! बायका हळदीकुंकवासाठी शुक्रवार पसंत करतात. २०२४ च्या हंगामात ५ शुक्रवार होते, २०२६ च्या हंगामात फक्त २. ज्याने दोन वर्षांपूर्वीच्या विक्रीच्या हिशेबाने वाणाचे सामान भरले असेल, त्याच्या स्टीलच्या वाट्या, आरसे, फण्या आणि कुंकवाच्या डब्या रथसप्तमीनंतर तशाच खोक्यांत राहणार. ठोक व्यापाऱ्याची उधारी मात्र फेब्रुवारीतच फेडायची असते. छोट्या दुकानदाराचे भांडवल असेच अडकते, आणि मग ते मोकळे करण्यासाठी कोणाच्या दारात जावे लागते, हे वाचकांना सांगायला नको.

याउलट २०२७ मध्ये रथसप्तमी १३ फेब्रुवारीला येते. जानेवारीच्या मध्यापासून धरले तर महिनाभर बाजार चालेल. २०२६ ला हात पोळलेला दुकानदार २०२७ ला भिऊन कमी माल भरील आणि ऐन हंगामात गिऱ्हाईक परत पाठवील, ही भीती आम्हाला जास्त वाटते.

हे आधी कळावे कसे? त्यासाठी पंचांग शिकण्याची गरज नाही. आपल्या भागात एक दिवस असा आहे की तो पाहिला की बाकीचे सारे दिवस बोटांवर मोजता येतात. तो दिवस म्हणजे मार्गशीर्षाची अमावास्या, लातूरकडची वेळ अमावास्या, बोलीत येळवस.

येळवस लातूर, धाराशिव आणि लगतच्या नांदेड, सोलापूर व बिदर भागात होते. बाकीच्या महाराष्ट्राला ती फारशी ठाऊक नाही. रब्बीची ज्वारी उभी असते. शेतात कडब्याची कोप करतात, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून लक्ष्मीची पूजा होते. घरची बाई डोक्यावर अंबिलाचे मडके घेऊन येते. जेवणात भज्जी, अंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. ही भज्जी म्हणजे तेलातली भजी समजू नये. ती ओल्या शेंगा, दाणे आणि पालेभाज्या बेसनात शिजवून केलेली पातळ भाजी आहे, आणि ज्याने ती शेतात बसून खाल्ली नाही त्याला तिची चव शब्दांत सांगणे कठीण. या दिवशी पाहुण्याची जात-धर्म कोणी विचारत नाही. शेत नसलेले गावातले लोक, शहरातले नोकरदार, आपले मुसलमान दोस्त, सगळ्यांना बोलावणे असते. आपल्यातले शेतकरीही त्या दिवशी शेतात पंगत घालतात. पूजा ज्याची त्याची, जेवण सगळ्यांचे.

व्यापाराच्या दृष्टीने येळवशीची गंमत ही की सणाच्या दिवशी विक्री शून्य. लातूर शहर ओस पडते. नगररचनाकार फैय्याजुद्दीन यांनी आखलेल्या गंजगोलाईचे सोळाही रस्ते त्या दुपारी मोकळे दिसतात. बागवानांचा धंदा आधीच्या दोन दिवसांत होतो: तुरीच्या ओल्या शेंगा, पावटा, वाटाणा, हरभरा, मेथी, पात, गाजर, चिंच. भज्जी बहुतेक घरी आदल्या रात्रीच शिजायला लागते, म्हणून आदल्या संध्याकाळनंतर उरलेली शेंग पडत्या भावात जाते. बाहेरून नव्याने आलेला फळ-भाजीवाला येळवशीच्या सकाळी गाडा लावतो आणि माणूसच नाही म्हणून हैराण होतो.

आता मोजणी. येळवशीच्या आदल्या दिवशी, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, नांदेड-लातूर रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची जत्रा सुरू होते. येळवशीनंतर साधारण सात-आठ दिवसांनी, पौष शुद्ध सप्तमीला, नांदेडला गुरू गोविंदसिंगजींचा प्रकाश पर्व. आणि ३६-३७ दिवसांनी रथसप्तमी. उदाहरणार्थ, येळवस ३० डिसेंबर २०२४ ला होती. जत्रा २९ ला सुरू झाली, प्रकाश पर्व ६ जानेवारी २०२५ ला आला, रथसप्तमी ४ फेब्रुवारीला. पुढच्या खेपेला येळवस १९ डिसेंबर २०२५ ला आली आणि त्याबरोबर सगळेच दहा-अकरा दिवस अलीकडे सरकले. म्हणून हळदीकुंकू १२ दिवसांत आटोपले. थोडक्यात, येळवस डिसेंबरच्या मध्याला आली तर मणियारांचा हंगाम आखूड, जानेवारीत आली तर लांब. दिवाळीआधी नवी दिनदर्शिका हातात पडते. तिच्यात एवढी एक तारीख पाहून मगच माल मागवावा.

येळवशीच्या दुसऱ्या दिवसापासून पौष लागतो. पौषात हिंदू घरांत सहसा लग्ने होत नाहीत. बँडवाले, मंडपवाले, बिछायतवाले यांचा महिना रिकामा जातो. आपल्या घरची लग्ने पौषाला अडत नसल्याने या महिन्यात मंडप आणि बँड कमी दरात मिळू शकतात, हे मुलीच्या बापांनी लक्षात ठेवायला हरकत नाही.

माळेगावची जत्रा जनावरांची. घोडे, गाढवे, उंट, बैल यांचा बाजार भरतो, दूरदूरचे व्यापारी उतरतात. नाल ठोकणारे, खोगीर, झूल, घुंगरू, दोरखंड विकणारे यांना चार-पाच दिवसांत चांगले काम असते. खंडोबाला मल्लूखान म्हणण्याची रीत जुनी आहे, त्यामुळे आपला माणूस या जत्रेत परका कधीच नव्हता. तिथे भंडारा म्हणजे हळद मुठीमुठीने उधळली जाते. नांदेड-हिंगोली पट्टा हळदीचा असल्याने माल जवळच मिळतो. पण भंडाऱ्याला रंग मिसळलेली भुकटी विकण्याचा मोह कोणी करू नये. ती लोकांच्या डोळ्यांत जाते, कपाळाला लागते, आणि देवळाच्या दारात गमावलेली साख परत मिळत नाही. लातूरकडचा शेतकरी येळवशीला आपल्या शेतातच असतो. त्या एका दिवशी तो जत्रेत भेटेल अशी अपेक्षा ठेवू नये.

नांदेडला प्रकाश पर्वासाठी पंजाबातून भाविक येतात. गुरू गोविंदसिंगजी १७०८ मध्ये नांदेडलाच निवर्तले, त्यामुळे सचखंड श्री हजूर साहिबला येणे त्यांना आयुष्यातून एकदा तरी हवे असते. पगडीसाठी रुबिया आणि फुल व्हॉईलचे कापड, थंडीचे कंबल आणि शाली यांना मागणी असते. दोन गोष्टी मात्र माहीत असाव्यात. खालसा शिखाला तंबाखू वर्ज्य आहे. गुरुद्वाराच्या रस्त्यावर कापडाच्या दुकानात बिडीचा धूर असेल तर गिऱ्हाईक पायरीवरूनच वळते. दुसरी, त्यांच्या रहितमर्यादेनुसार हलाल गोश्त ते घेत नाहीत. खानावळवाल्याने ‘मांसाहारी’ एवढीच पाटी लावून गप्प बसू नये, हलाल आहे असे स्पष्ट लिहावे. आपल्याला जसे विचारून खावे लागते तसे त्यांनाही. यात रागावण्यासारखे काही नाही.

संक्रांतीकडे परत येऊ, कारण आपल्या मणियारांचा खरा बाजार तोच. हा धंदा हाताचा आहे. बाई आपला हात मणियाराच्या हातात देते. म्हणून त्याची भाषा सांभाळलेली असते. बांगडी फुटली असे जुना मणियार म्हणत नाही, वाढली म्हणतो. नव्या पोरांनी ही बोली सोडू नये. काच फिरोजाबादहून, लाखेचा माल हैदराबादहून येतो, तेव्हा मागणी बरीच आधी नोंदवावी लागते. त्यात एक अडचण दरवर्षीची: पंचांगात संक्रांतीने कोणत्या रंगाचे वस्त्र नेसले ते दिलेले असते आणि अनेक बायका त्या वर्षी तो रंग टाळतात. कधी कधी अमुक रंगाच्या बांगड्या घालू नयेत अशी अफवाही उठते. सबब सगळे भांडवल एका रंगात घालणे धोक्याचे. काळ्या साडीची, नव्या नवरीच्या हलव्याच्या दागिन्यांची आणि लहान मुलांच्या बोरन्हाणाची मागणी मात्र अशा अफवांना दाद देत नाही. हळदीकुंकवाचा शुक्रवार संध्याकाळचा असतो, त्यामुळे जुम्याला दुकान बंद ठेवल्याने काही बुडत नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

१४ जानेवारीला प्रत्येक गिऱ्हाईक तिळगूळच घेईल असे मात्र नाही. १९९४ साली याच तारखेला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. आपल्या भागातील बौद्ध कुटुंबे हा दिवस नामविस्तार दिन म्हणून पाळतात; कित्येक जण विद्यापीठाच्या गेटवर अभिवादनाला औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जातात. अनेक बौद्ध घरांत संक्रांत करत नाहीत. त्यांच्यासाठी पांढरे कपडे, निळे कापड, झेंडे यांची शिलाई महत्त्वाची, आणि ती १ जानेवारीच्या भीमा कोरेगावपासूनच सुरू होते. ६ डिसेंबर हा मात्र त्यांच्या दुःखाचा दिवस. त्या दिवशी वस्तीत सेलचा फलक लावणे शोभत नाही.

ख्रिस्ती घरे आपल्याकडे थोडी, पण त्यांचा नाताळ बेकरीवाल्याला आणि शिंप्याला उपयोगाचा. मराठी ख्रिस्ती घरांत केकबरोबर करंज्या, शेव, चिवडा असा दिवाळीसारखा फराळ होतो. कपडे २४ तारखेच्या रात्रीआधी हवे असतात. २६ ला दिलेला शर्ट पुढच्या वर्षीचे गिऱ्हाईक घालवतो.

आता आपल्या सणांचे. आपल्या घरात थंडीचा असा ठरलेला सण नाही. हिजरी महिना त्याच चंद्रावर चालतो. अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत चाँद दिसतो. फरक इतकाच की पंचांगात साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून सण ऋतूत ठेवतात, हिजरी सनात तो घालत नाहीत. म्हणून रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे ३२-३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. ज्यांनी १९९८ ते २००० चे दिवस दुकानात काढले त्यांना आठवत असेल: १९९८ आणि १९९९ ची संक्रांत रमजानात आली होती. जानेवारी २००० मध्ये ६ तारखेला येळवस, दोन-तीन दिवसांत ईद, आणि त्याच आठवड्याअखेर संक्रांत. शिंप्याला आणि मणियाराला रात्र अपुरी पडावी असा तो पंधरवडा.

तो मेळ पुन्हा जवळ येतो आहे. २०२९ चा रमजान संक्रांत होताच सुरू होईल. २०३० मध्ये येळवस जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि तिच्या मागोमाग रमजानचा चाँद, म्हणजे पौष आणि रमजान जवळजवळ एकच महिना. हळदीकुंकवाच्या आणि ईदेच्या बांगड्या एकाच वेळी मागितल्या जातील. त्याच वर्षाच्या अखेरीस तर येळवस २४ डिसेंबरला, नाताळ २५ ला आणि लगेच एक-दोन दिवसांत दुसरा रमजान! चाँदवर एखादा दिवस पुढेमागे होईल तेवढाच.

त्या वेळी कारागीर रोज्यात असेल आणि गिऱ्हाईक सणात. बागवानाला भोगीच्या गाजर-बोरांबरोबर इफ्तारची फळे आणावी लागतील, एकाच गाड्यात, एकाच भांडवलात. शिंप्याकडे शेरवानी आणि खणाचे पोलके एकाच आठवड्यात येईल. ज्यांच्याकडे आज एकच मशीन आणि एकच पोरगा हाताखाली आहे त्यांनी दुसरा हात आतापासून तयार करावा, कारण काज-बटण शिकायलाच सहा महिने लागतात आणि ऐन रमजानात मिळणारा कारागीर दुप्पट मजुरी मागतो. ठोक व्यापाऱ्याशी उधारीची मुदत ठरवतानाही २०३० साली ती फेब्रुवारीअखेरपर्यंत मागून घ्यावी; दोन्ही हंगामांचे पैसे तोवर हातात आलेले असतील.