४सी केस आणि प्रतवारीचा मामला

बिबवेवाडीतील माझ्या केशकर्तनालयात, पुण्यास शिक्षणार्थ आलेल्या एका आफ्रिकी विद्यार्थिनीने आपले केस ‘४सी’ असल्याचे सांगितले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ओप्रा विन्फ्रे यांचे केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात सरळ केसांस १, लहरदार केसांस २, कुरळ्यांस ३ व घट्ट वेटोळ्यांस ४ असा अनुक्रम लावला. ‘४सी’ ही पोटवर्गवारी मात्र मागाहून इतरांनी जोडली.

माझ्या मते, ज्यांवर तेलपाण्याची सारी तजवीज अवलंबून, त्या केसांच्या जलशोषकतेची आणि घनतेची या प्रतवारीच्या दफ्तरी नोंदच नाही. शिवाय एकाच मस्तकावर दोन-तीन प्रकार सुखेनैव नांदतात, ते निराळेच!