निविदा नाही, तरी कार्यारंभ आदेश?

निविदा निघाल्याचे कुणी ऐकले नाही आणि काम मात्र एका कंपनीला मिळाले, म्हणजे आत काहीतरी शिजले असणार, हा निष्कर्ष आपल्याकडे चटकन निघतो. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्यासारख्या गावात नळयोजनेच्या सर्वेक्षणासाठी बाहेरच्या सल्लागाराची माणसे उतरली, की ‘यांना कुणी नेमले?’ हा प्रश्न ग्रामपंचायतीच्या ओट्यावर हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. पण संशयाचा रोख बहुतेकदा कार्यारंभ आदेशाच्या कागदावर असतो आणि ज्या दोन ठिकाणी खरोखर गडबड होऊ शकते, ती दोन्ही नजरेआड राहतात.

सरकारी कार्यालये सल्लागारांची नामिका सूची, म्हणजे रोजच्या भाषेत पॅनेल, तयार करतात, तेव्हा स्पर्धा टाळली जात नाही, आधी उरकली जाते. जाहिरात देऊन अर्ज मागवायचे; अनुभव, मनुष्यबळ, उलाढाल तपासायची; बऱ्याचदा दरही तिथेच ठरवून घ्यायचे. मग सूचीच्या मुदतीत एकेक काम निघेल तसा आदेश द्यायचा. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झाले, तेव्हा हजारो गावांचे आराखडे थोड्या काळात हवे होते. प्रत्येक गावाच्या सर्वेक्षणाला वेगळी निविदा काढली असती, तर निविदा समित्यांना दुसरे काम उरले नसते. ही पद्धत आपलीच पळवाट आहे असेही नाही. युरोपीय संघाच्या 2014 च्या खरेदी निर्देशात असे चौकट-करार मान्य आहेत. फक्त त्यांची मुदत अपवाद वगळता चार वर्षांपेक्षा जास्त नसावी, असे बंधन आहे. म्हणून सूची आहे का, यापेक्षा ती किती वर्षांपूर्वीची आहे हे विचारणे अधिक उपयोगाचे.

दुसरा गैरसमज खुद्द सल्लागारांतच रुजलेला असतो: पॅनेलवर नाव लागले म्हणजे कामे मिळणारच. शिधापत्रिका हातात आली म्हणून धान्य घरात आले असे होत नाही, तसेच हे. सूचीतले नाव ही केवळ पात्रता. त्यातून कामाचा हक्क सहसा उपजत नाही आणि अटींमध्ये तसे लिहिलेलेही असते. मग सूचीतल्या दहांपैकी आदेश कुणाला? माझ्या मते सगळ्या व्यवहाराचे मर्म इथे आहे. कुठे आळीपाळीने कामे देतात, कुठे सोडत काढतात, कुठे सूचीतल्यांकडूनच पुन्हा दर मागवतात. जिल्हा परिषदांमध्ये छोट्या बांधकामांसाठी काम वाटप समिती आणि सोडत ही पद्धत लोकांना ठाऊक आहे. मजूर सहकारी संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार यांच्यातले 33:33:34 हे सूत्र बरीच वर्षे चालले. त्या सूत्राविषयी तक्रारी असतील, पण सूत्र जाहीर असल्यामुळेच तक्रार करता येते. सल्लागारांच्या बाबतीत असे सूत्र कागदावर नसेल आणि ‘साहेबांच्या मर्जीनुसार’ आदेश निघत असतील, तर प्रवेशाच्या वेळची सगळी छाननी वाया गेली.

यावर अधिकारी म्हणतील, की सल्ला म्हणजे सिमेंटची गोणी नव्हे. योग्य माणूस निवडायला मोकळीक हवीच. म्हणणे खरे आहे. सल्लागाराची निवड केवळ कमी दरावर व्हावी, हा गैरसमजच आहे. केंद्राच्या 2017 च्या सामान्य वित्तीय नियमांत गुणवत्ता आणि दर यांना एकत्र गुण देण्याची पद्धत आहे. दराखेरीजच्या बाबींना 80 टक्क्यांपर्यंत भार देता येतो. थेट एकालाच काम देण्याचीही सोय आहे, पण त्याची संपूर्ण कारणे फाइलवर नोंदवून सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. तेव्हा मोकळीक आहे, पण कारण लिहिण्याच्या अटीवर. सर्वोच्च न्यायालयाने रमणा दयाराम शेट्टी प्रकरणात, जे मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेवरून उद्भवले होते, 1979 सालीच सांगून ठेवले आहे, की सरकारी यंत्रणेने स्वतः जाहीर केलेले निकष तिला स्वतःलाही बांधतात.

आता नळयोजनेची फाइल जरा जवळून पाहू. सल्लागाराचे शुल्क अंदाजपत्रकाच्या टक्केवारीत ठरले असेल, तर टाकीची उंची आणि जलवाहिनीची लांबी वाढेल तसे त्याचे बिलही वाढते. हे बेकायदा नाही. मात्र ही अट कार्यारंभ आदेशात सरळ दिसते आणि गावाने ती वाचायला हवी. विखुरलेल्या पाड्यांच्या पातळ्या प्रत्यक्ष मोजल्या का, विहिरीच्या पाण्याची क्षमता भर उन्हाळ्यात तपासली की पावसाळा संपताच, हे अहवालातल्या तारखांवरून कळते. काळ्या कातळाच्या मुलखात या एका तारखेवर योजनेचे नशीब ठरू शकते. तसेच जलजीवनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्रयस्थ तपासणीनंतरच ठेकेदाराचे देयक निघायचे असते. या तपासणी संस्थांचीही सूचीच असते. आराखडा करणारा आणि तपासणारा एकच निघाला, तर तपासणीला अर्थ उरत नाही, मग त्याची निवड कितीही नियमानुसार झालेली असो.

‘हे सगळे जिल्ह्याच्या पातळीवर ठरते, गावाला काय विचारता येणार?’ हा समज सर्वांत महागात पडणारा. सल्लागार नेमण्याचा अधिकार ग्रामसभेला नाही, हे खरे. पण नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 च्या पेसा कायद्यानुसार गावपातळीवर पंचायत राबवणार त्या योजनांना आधी ग्रामसभेची मान्यता लागते आणि पंचायतीने खर्चलेल्या निधीचे प्रमाणपत्रही ग्रामसभाच देते. जलजीवनमध्ये गावकृती आराखडा ग्रामसभेपुढे येतो, आणि अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्याहून जास्त असलेल्या गावांनी गावांतर्गत कामाच्या खर्चात 5 टक्के लोकवर्गणी द्यायची असते. शिवाय माहिती अधिकार कायद्याखालील 2013 च्या केंद्रीय सूचनांनुसार कुणाला काम दिले, किती रकमेला दिले, हे न मागताही जाहीर व्हायला हवे. राज्याच्या कार्यालयांत तसे झाले नसेल, तर अर्ज आहेच. अर्जात ‘भ्रष्टाचाराची माहिती द्या’ असे लिहिले, तर काही हाती लागणार नाही. सूचीची जाहिरात आणि तिची मुदत, सूचीतल्यांना दिलेल्या आदेशांची तारीखवार यादी, आणि आपल्या गावाचा आदेश ज्या टिप्पणीवर निघाला ती टिप्पणी, एवढे तीन कागद मागावेत.