नवी पद्धत आणि शिक्षकाचे मन

शिक्षणात कोणताही बदल सुचविला की आम्हा शिक्षकांच्या तोंडून बहुधा एकच वाक्य बाहेर पडते, "आम्ही नाही का असेच शिकलो?" हे वाक्य खोटे नाही, पण ते अपुरे आहे. जे त्या पद्धतीने शिकले ते शिक्षक झाले. जे शिकू शकले नाहीत ते शाळा सोडून गेले, आणि त्यांचे मत कोणी विचारले नाही.

एक उदाहरण घेऊ. २०१९ साली बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबरच 'वीस एक' असे संख्यावाचन आले. त्यावर मोठे वादळ उठले. भाषा बिघडवली, अशी टीका झाली. विधानसभेतही विषय गाजला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील कारणे सांगितली. पण ती ऐकून घेण्यापेक्षा थट्टाच अधिक झाली.

ते कारण काय होते? आपण 'पंचवीस' म्हणतो तेव्हा पाच आधी उच्चारतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि ५ नंतर. त्यामुळे लहान मूल ऐकते तसे ५२ लिहून मोकळे होते. 'एकोणतीस' मध्ये तर तीस ऐकू येते आणि लिहायचे असतात २ व ९. ८९ ला 'एकोणनव्वद', पण ९९ ला 'एकोणशंभर' नव्हे, 'नव्व्याण्णव'! शिवाय 'त्र्याण्णव' सारखी जोडाक्षरे. कानडी, तेलुगू, इंग्रजी या भाषांत वीसच्या पुढे दशक आधी व एकक नंतर, म्हणजे लिहिण्याच्याच क्रमाने बोलतात.

ज्या घरात आजी-आजोबा पाढे म्हणून घेतात, तेथील मूल ही अडचण ओलांडते. पण ज्याचे आईवडील पहाटेच कामावर जातात, जे घरातून प्रथमच शाळेत आले आहे, त्याच्या पाटीवरील ५२ पाहून आपण त्याला 'ढ' ठरवितो. चूक पद्धतीतील असते, शिक्का मुलावर बसतो. तो शिक्का पुढे आयुष्यभर पुसत नाही.

अर्थात, शिक्षकांचा विरोध निव्वळ आळसापोटी असतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१० साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला, आठवीपर्यंत नापास करणे थांबले, सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. पुढे २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३-२४ पासून राज्यात पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा सुरू झाली. परिपत्रके येतात, जातात, नोंदवह्या वाढतात. बदलाचे कारण न सांगता केवळ हुकूम आला, की शिक्षक तो कागदावर पाळतो आणि वर्गात जुनेच चालू ठेवतो.

मग मार्ग कोणता? जुने म्हणून धरून ठेवू नये, नवे म्हणून डोक्यावर घेऊ नये. वर्गात पारखून पाहावे. मुलांना दहा संख्या सांगून लिहावयास लावा. कोणाचे अंक उलटे पडतात ते पाहा. त्यांच्या हाती दहा-दहा काड्यांचे दोन गठ्ठे व पाच सुट्या काड्या द्या. 'वीस आणि पाच' असे म्हणवून घ्या, मग 'पंचवीस' हे नाव सांगा. बाजारात, व्यवहारात 'पंचवीस' च लागते, म्हणून ते नाव सोडण्याचे कारण नाही. 'वीस पाच' ही तिथवर पोहोचण्याची पायरी आहे. आठवड्याने पुन्हा त्याच संख्या लिहावयास सांगा. पद्धत टिकावी की जावी, याचा निकाल मुलांच्या पाट्याच देतील.

शिक्षक बंधु-भगिनींनो, आपण शिकलो ते कसे, हा प्रश्न आता मागे ठेवू या. समोरच्या बाकावरील शेवटचे मूल कशाने शिकेल, हा खरा प्रश्न आहे. पालकांनीही पुस्तकात नवे काही दिसताच हसण्यापूर्वी, "हे का बदलले?" एवढे शिक्षकांना अवश्य विचारावे.